उणे चार किलो

सॅपर वेणू बागूल हिला सगळ्यांत जास्त काम केल्याबद्दल पुलाच्या सेक्शनमधून काढून ताडपत्र्यांच्या गोदामात पाठवण्यात आलं.

असं काहीही घडलेलं नाही. आमच्या रेजिमेंटमध्ये जास्त काम केल्याबद्दल कुणालाही काढत नाहीत, तशी तरतूदच नाही. शिवाय आमची रेजिमेंट कुठं आहे ते सांगायची मला परवानगी नाही. आता जागाच नाही म्हटल्यावर तिथं घडणार काय. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजून वाचकांनी पुढं यावं. मीही तसंच समजतो. सकाळी समजतो, आणि दुपारी परत समजावं लागतं.

मी सॅपर धैर्यशील खोत, मूळ गाव कागलजवळ. सॅपर म्हणजे इंजिनिअर रेजिमेंटचा शिपाई. बाकीचं सैन्य लढतं, आम्ही उचलतो. सैन्य निघालं की वाटेत नदी येते, आणि नदी आली की सगळे थांबून आमच्याकडं बघतात. आमचा लोखंडी पूल लहान मुलांच्या जोडखेळासारखा असतो. जाळीदार चौकटी एकमेकींना जोडत न्यायच्या. त्या चौकटीला पॅनल म्हणतात. एक पॅनल अडीचशे किलोच्या वर भरतं. त्याच्याखालून तीन दांड्या आडव्या घालायच्या, दर दांडीच्या दोन टोकांना दोघं, असे सहा जण मिळून ते नेतात. आमच्याकडं क्रेनही आहे. ती नेहमी पुलाच्या जागेच्या अलीकडच्या चिखलात असते.

मधल्या दांडीवर मी आणि वेणू. जोड्या उंची बघून लावतात, बाई-पुरुष बघत नाहीत, कारण दांडीला ते कळत नाही. आमची उंची सारखी. वेणू सटाण्याची, तिच्या वडलांचा मंडपाचा धंदा. तिला पूल-कमांडरचा कोर्स करायचा होता. पूल-कमांडर म्हणजे पूल कुठं, कसा आणि कुणी बांधायचा हे ठरवणारा माणूस. आजवर त्या कोर्सला शिपाई बाई गेलेली नव्हती. वेणूला हे कुणी सांगितलं की ती म्हणायची, "बरं." आणि अभ्यासाला बसायची.

माझी गोष्ट वेगळी होती. मी पाच किलोमीटर पळण्यात रेजिमेंटमध्ये पहिला, दोरावर चढण्यात पहिला. जेवणाच्या हॉलमध्ये माझा फोटो लावला होता, भाताच्या पातेल्याच्या बरोबर वर. वाफेनं तो थोडा फुगला होता, पण ओळखू यायचो.

आमच्या सेक्शनचा एक रिवाज आहे, तो इथंच सांगून टाकतो. दांडीवरचं दांडीवर. आमच्यात जेवणाबद्दल तक्रार चालते, बायकोबद्दल चालते, देवाबद्दलही चालते. पण आपला जोडीदार उचलत नाही, असं कुणी कधी बोलत नाही. मागं एकाचं बोट जोडीदारानं दांडी सोडल्यामुळं चिरडलं. त्यानं डॉक्टरला सांगितलं, दारात सापडलं. आम्ही तेव्हा तंबूत राहत होतो.

तर त्या काळात तंदुरुस्तीच्या वार्षिक चाचणीवरून रोज भांडणं व्हायची. पुरुषांचं कोष्टक वेगळं, बायकांचं वेगळं. चहाच्या वेळी पुढच्या दांडीवरचा लान्सनाईक गवळी म्हणायचा, "ज्या वेळात मी नापास, त्याच वेळात ह्या उत्कृष्ट. काम मात्र सारखं, पगार सारखा."

"पूल काय पळवत न्यायचा असतो का रे, गवळी?" वेणू विचारायची.

"पळायला तर यायला पाहिजे."

"तू नदीच्या बाजूला पळणार की उलटीकडं, त्यावर आहे."

हीच भांडणं सगळ्या रेजिमेंटांत चालली होती. म्हणून वर ठरलं की आता दोन कोष्टकं नकोत. बाई असो, पुरुष असो, अंगात किती दम आहे ते एकाच यंत्रानं मोजायचं. त्या यंत्राचं नाव अंगरखा.

अंगरखा घेऊन आल्या कॅप्टन इरावती लिमये. डॉक्टर, वय तिशीच्या आत, आणि शास्त्रावर इतका विश्वास की बघून आपल्यालाच काळजी वाटावी. त्यांनी आम्हाला मैदानात बसवलं आणि बनियनसारखं एक पातळ कापड उंच धरून दाखवलं.

"स्नायू आखडतो तेव्हा त्यातून विजेची बारीक लहर जाते," त्या म्हणाल्या. "ह्या कापडातले धागे ती लहर पकडतात. बुटातली पट्टी पायाखालचा दाब मोजते. नडगीवरची पट्टी हाड किती वाकतंय ते मोजते. हो, हाड वाकतं. दर पावलाला, केसाहून कमी, पण वाकतं. ह्या तिन्हींवरून यंत्राला दोन गोष्टी कळतात. तुम्ही या क्षणी खरोखर किती किलो उचलताय, आणि त्यात तुमचं शरीर किती झिजतंय."

"बाईचं आणि पुरुषाचं वेगळं कळेल का?" सुभेदार हणमंत घाटगे साहेबांनी विचारलं. साहेबांच्या मिशा बोलण्याच्या आधी हलतात, त्यामुळं प्रश्न येणार हे आम्हाला आधी कळतं.

"कळेल ना, साहेब. पुरुषांच्या वरच्या अंगात सरासरीनं स्नायू जास्त असतो. बायकांचा स्नायू मध्यम ओझ्याखाली सरासरीनं उशिरा थकतो. पण सरासरी पॅनल उचलत नाही. पॅनल एकेक माणूस उचलतो. आजवर आपण शरीर काय करू शकतं ते मोजत होतो. आता ते काय करतं ते मोजू."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. फोटो माझा लागलेला होता.

तीन महिने आम्ही अंगरखे घालून पूल बांधले आणि मोडले. मग एका सकाळी जेवणाच्या हॉलमध्ये पडदा लावला गेला. लिमये मॅडम पडद्याजवळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांच्या घरचं कुणीतरी गेलं.

"बाई आणि पुरुष यांच्या कामातला फरक," त्या म्हणाल्या, "चौथ्या दशांशस्थळावर निघाला."

"म्हणजे जास्त की कमी?" गवळीनं विचारलं.

"म्हणजे नाही. फरक दुसराच निघालाय." त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर आमचं पॅनल आलं, वरून दिसतं तसं. सहा जागी सहा नावं आणि नावापुढं किलो. माणशी साधारण चव्वेचाळीस यायला हवे होते. गवळीपुढं एकोणतीस. मागच्या दांडीवर चाळीसच्या आसपास. बागूल, वेणू: एक्क्याण्णव. खोत, धैर्यशील: उणे चार.

स्वयंपाक्यानं पळी हवेतच धरली.

"उणे म्हणजे?" घाटगे साहेबांनी विचारलं. मिशा आधी हलल्याच नाहीत.

"पॅनल लोखंडी आहे, ते वाकत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पाच जणांनी ते वर धरलं की सहाव्यानं काही केलं नाही तरी ते वर राहतं. सॅपर खोत काही करत नाहीत असं नाही. ते दांडीला लटकतात. म्हणजे त्यांचं चार किलो वजन बाकीचे पाच जण उचलतात."

गवळीनं माझ्याकडं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पॅनल अडीचशेचं," तो म्हणाला, "आणि वर खोत."

मी खरोखर उचलत होतो. म्हणजे मला तसंच वाटत होतं. घाम यायचा, दम लागायचा, संध्याकाळी पाठ दुखायची. आता कळलं की ती लटकून दुखायची. माणसाला चोरी पकडली गेल्यावर धक्का बसतो हे ऐकलं होतं, पण चोरी झाली हेच चोराला पडद्यावर कळावं, हा प्रकार नवा होता. मी वेणूकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघत होती, स्वतःच्या आकड्याकडं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी ती बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"दांडी तुझ्याकडनं जरा खाली असते, एवढं माहीत होतं. मला वाटलं, तुझा बूट झिजलाय."

पण खरा धक्का दुपारी बसला. दुपारी तंदुरुस्तीचे गुण लागले. रेजिमेंटमध्ये पहिला: सॅपर खोत. शेवटची: सॅपर बागूल. श्रेणी: पुलाच्या कामास अयोग्य होण्याच्या मार्गावर. महिन्याभरात सुधारणा न दिसल्यास बदली.

वेणू सरळ लिमये मॅडमच्या तंबूत गेली. पहिल्या आलेल्या सैनिकाची मुलाखत घ्यायची म्हणून मला आधीच तिथं बसवलेलं होतं.

"मॅडम, सगळ्यांत जास्त मी उचलते असं तुमचंच यंत्र म्हणतं," वेणू म्हणाली.

"हो."

"आणि अयोग्यही मीच."

"हो." मॅडमनी चष्मा काढला. "बागूल, एक समजून घ्या. यंत्र तंदुरुस्ती म्हणजे शरीरात काय शिल्लक आहे ते धरतं. न वापरता खोक्यात ठेवलेल्या मोबाइलची बॅटरी सगळ्यांत चांगली असते ना, तसं. खोतांचं शरीर जवळपास खोक्यात आहे. तुमच्या नडगीचं हाड मात्र दर पावलाला जितकं वाकायला हवं त्याच्या दुप्पट वाकतंय. हाड वाकतं, बारीक दुखावतं, आणि विश्रांतीत भरून येतं. तुम्हाला ती विश्रांती कधी मिळालेलीच नाही."

"मग खोताला उचलायला सांगा."

"ते काम झालं. काम हा रकाना दुसऱ्या विभागाकडं आहे. आमच्याकडं फक्त शरीर."

"मग त्या विभागाला हे आकडे द्या."

"दिले. ते म्हणाले, अंगरखा वैद्यकीय वस्तू आहे, तिचे आकडे त्यांना चालत नाहीत. ते त्यांच्या पद्धतीनं काम मोजतात."

"कसं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. "पळायला लावून."

वेणू खुर्चीवर बसली. परवानगी न विचारता बसली, आणि मॅडमच्याही ते लक्षात आलं नाही. कोर्सची निवड पुढच्या महिन्यात होती, आणि निवडीला पहिली अट तंदुरुस्तीची होती.

त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्याच लोकांना जमण्यासारखं होतं. तंदुरुस्त कसं राहायचं ते रेजिमेंटला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पॅनलवर सहा जण उभे राहिले. ते पॅनल शेजारच्या सेक्शनचं; त्यांचा एक माणूस कमी म्हणून गवळीला तिथं दिलं होतं. घाटगे साहेब ओरडले, "उचल." सहाही जणांच्या मानेच्या शिरा फुगल्या. सहाही चेहरे लाल झाले. गवळीच्या तोंडून असा हुंकार निघाला की लांबच्या झाडावरचे बगळे उडाले. पॅनल जमिनीवर होतं तिथंच होतं.

"उचल म्हटलं मी," साहेब म्हणाले.

"उचललंय, साहेब," गवळी आवळल्या दातांतून म्हणाला.

साहेबांनी वाकून पॅनलखाली पाहिलं. पॅनलखाली गवत होतं, ते दबलेलंच होतं. नंतर अंगरख्यांनी सांगितलं की सहा जणांनी मिळून अकरा किलो उचलले होते, आणि तेही चुकून. आठवड्याभरात रेजिमेंटची सरासरी तंदुरुस्ती इतकी वाढली की वरून अभिनंदन आलं. त्या आठवड्यात एकही पूल उभा राहिला नाही.

फक्त आमचं पॅनल उठायचं. कारण सांगायला नको. त्या आठवड्यात वेणूचा आकडा शंभराच्या पुढं गेला.

मग ती माझ्याकडं आली. मी रिकाम्या दारूगोळ्याच्या पेटीवर बसून, मोजणीच्या वेळी मॅडमनी काढलेली स्वतःची चित्रफीत बघत होतो. सारखी तीच बघत होतो, आपण नेमकं काय करतो ते कळावं म्हणून.

"खोत, मला अंग चोरायला शिकव," ती म्हणाली.

मला वाटलं, टोमणा आहे. तो नव्हता. ती माझ्यासमोर हात मागं बांधून, वर्गात उभं राहावं तशी उभी होती.

"महिन्यात आकडा पन्नासच्या खाली आणायचाय. कोर्सला गेले की पुढं मीच ठरवणार, कोण किती उचलतो ते. तोवर चोरायला पाहिजे. आणि रेजिमेंटमध्ये तुझ्यापेक्षा मोठा गुरू नाही."

आम्ही जेवणाच्या हॉलचं एक लांब बाक बाहेर आणलं. एका टोकाला गवळी, दुसऱ्याला वेणू.

"पहिलं म्हणजे चेहरा," मी म्हणालो. "भुवया जवळ घे. दात आवळ. मान फुगव."

"एवढं सगळं तू करत होतास?"

"करतोय हे मला माहीत नव्हतं. फीत बघून बघून शिकलो. दुसरं, दांडी तळव्यावर नाही घ्यायची, बोटांवर घ्यायची. तिसरं, 'उचल' म्हटलं की अर्धा श्वास थांबायचं. तेवढ्यात दुसरे उचलतात."

"आणि दुसरेही थांबले तर?"

"माझ्या बाजूला दुसरी म्हणजे तू होतीस. तू कधी थांबली नाहीस."

चेहरा तिनं छान केला. दातही आवळले. मी म्हणालो, "उचल." बाकाचं तिच्याकडचं टोक गेलं वर.

"बागूल."

"मी नाही उचललं. ते गेलं."

पुन्हा केलं, पुन्हा गेलं. तिच्या हातात मी रुमाल गुंडाळले. मग तिला सांगितलं की मनातल्या मनात सव्वाचा पाढा म्हण. तिनं सव्वाचा पाढा म्हणत बाक उचललं. शेवटी गवळी बाकावर बसला, म्हणाला, "आता बघू." गवळीसकट गेलं.

वेणू खाली मातीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता थांबली.

"आमच्याकडं मंडपाचा मधला खांब उभा करताना चार जण लागतात," ती म्हणाली. "सहावीपासून मी चौथी. अप्पा सांगायचे, जड झालं तर सोडायचं नाही, आधी ओरडायचं. कारण सोडलेला खांब आपल्या डोक्यावर पडत नाही, समोरच्याच्या पडतो. आता हाताला काय सांगू मी? काहीही झुकायला लागलं की हे आपोआप जातात."

"पण तू ओरडली नाहीस कधी. तीन वर्षांत."

"दांडीवरचं दांडीवर," ती म्हणाली. आणि मग, हातावरचे रुमाल सोडत, "आणि जड झालंच नव्हतं असं वाटायचं रे. सवय झाली होती."

महिना संपायला थोडे दिवस उरले असताना डोंगरातल्या एका नदीवरचा जुना पूल वाळूच्या ट्रकखाली खचला. पलीकडं अख्खा तालुका अडकला. आम्हाला बोलावलं. घाटगे साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आज अंगरखे घालूनच काम. आजचे आकडे कोर्सच्या निवडीला धरले जातील." बोलताना ते वेणूकडं बघत होते. मग सेक्शनकडं बघितलं. "कृपा करून उचला," ते म्हणाले. सुभेदाराच्या तोंडून कृपा हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. दोघंतिघं दचकले.

क्रेन अलीकडच्या चिखलात होती.

आम्ही दांड्या धरल्या. मी रात्रीच ठरवलं होतं. वेणूला चोरता येत नाही, तर तिच्या दांडीवर उरायलाच नको काही. तिच्या आकड्यातले जास्तीचे किलो कुणाचे होते ते मला चांगलं माहीत होतं.

"उचल."

मी उचललं.

वाचकांनी कधी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ओझं उचललं आहे की नाही, माहीत नाही. माझ्या पाठीत असं काहीतरी झालं जे मी तोवर फक्त वैद्यकीय तक्त्यात पाहिलं होतं. डोळ्यांपुढं पांढरं आलं. मी रेजिमेंटचा सगळ्यांत तंदुरुस्त माणूस होतो, आणि माझे गुडघे लग्नात नाचणाऱ्या म्हाताऱ्यासारखे हलत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, पॅनल किती जड असतं. तीन वर्षं मी त्याला हात लावून चाललो होतो.

"खोत," पॅनलच्या पलीकडून वेणूचा आवाज आला, "काय झालं? दांडी हलकी लागतीय."

"उचलतोय."

"कशाला?"

"तुझा आकडा खाली यायला. गप चल."

ती गप चालली. पाच-सात पावलं. नदीकाठच्या दगडांवर पोचलो आणि मला जाणवलं की पॅनल पुढून किंचित झुकतंय. आणि मग झुकायचं थांबलं. मी मान वळवून जाळीतून बघितलं. वेणूनं दांडी एका हातात घेतली होती आणि दुसरा खांदा पॅनलच्या पुढच्या भागाखाली घातला होता.

"बागूल, सोड ते."

"गवळीचा गुडघा गेलाय."

"त्यानं काही म्हटलंय का?"

"तो म्हणणाराय का?"

गवळी पुढं होता. त्याची पाठ आमच्याकडं होती, आणि ती पाठ अगदी काही न झाल्यासारखी चालली होती. डावा पाय मात्र फरपटत होता.

"गवळी, सांग ना तिला, झेपतंय म्हणून," मी ओरडलो.

"झेपतंय," गवळी म्हणाला आणि आणखी एक इंच खाली गेला. वेणूचा खांदा एक इंच वर गेला.

दिवसभर असंच झालं. मी माझा वाटा घेतला की ती दुसऱ्याचा घ्यायची. दुसऱ्यानं लाजून स्वतःचा घेतला, की ती तिसऱ्याकडं सरकायची. दुपारपर्यंत सेक्शनमधले सगळे खरोखर उचलायला लागले होते. गवळीच्या जागी घाटगे साहेब स्वतः आले होते, आणि पूल आमच्या आजवरच्या कुठल्याही पुलापेक्षा लवकर पुढं सरकत होता. तरी तिचा खांदा कुठं ना कुठं होताच. पण निदान ती एकटी नव्हती, आणि मला वाटलं, आकडा थोडा तरी उतरेल.

ऊन उतरायच्या आत पूल उभा राहिला. त्यावरून पहिली गाडी गेली ती वाळूचीच.

ट्रक गेल्यावर वेणू पुलावरून परत येत होती आणि मधेच थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं, नदी बघतीय.

"खोत," ती म्हणाली, "जड झालंय."

मी धावत गेलो. ती तीन वर्षांत पहिल्यांदा हे बोलली होती, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं.

नडगीच्या हाडाला चीर होती. लिमये मॅडमनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. पांढऱ्या हाडात केसाएवढी काळी रेघ.

"आजच्या कामामुळं?" मी विचारलं.

"नाही. कडा बघा, भरून यायचा प्रयत्न झालाय, परत उकललीय, परत प्रयत्न झालाय. आजची नाही ही चीर. ही बरीच जुनी आहे."

मी त्या रेघेकडं बघत राहिलो. यंत्र चुकलेलं नव्हतं, एवढं माझ्या लक्षात आलं. यंत्र मला हसत होतं असं इतके दिवस वाटत होतं. ते फक्त सांगत होतं की माझे किलो कुठं जातात. ते इथं गेले होते, एका माणसाच्या हाडात.

"दोन-तीन महिन्यांत भरून येईल," मॅडम वेणूला म्हणाल्या. "पूर्ण. तुम्ही धावालसुद्धा."

"आणि श्रेणी?"

"श्रेणी आज लागते." मॅडमनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. "मी वर बोलले. दोनदा बोलले. हाड भरतं, त्याला मुदत आहे. श्रेणी भरून यायची मुदत कुठं लिहिलेलीच नाही."

"मग मधल्या दांडीवर आता कोण?" वेणूनं विचारलं. स्वतःचं काय, हे तिनं विचारलंच नाही.

मॅडमनी माझ्याकडं वळून एक कागद पुढं केला, आणि तो देताना त्यांचा हात मला लागू नये अशी काळजी घेतली. पूल-कमांडरच्या कोर्ससाठी निवड: सॅपर खोत.

"मी आज उचललंय," मी म्हणालो. "मॅडम, मी आज खरंच उचललंय. पाठ बघा माझी. मीही झिजलोय."

"दिसलं. यंत्रानं आज तुमचे साठ किलो दाखवले. आणि तो आकडा खोडला. जो माणूस तीन महिने उणे चार आहे तो एका दिवसात साठ होऊ शकत नाही, असं त्याचं गणित आहे. तुमचा अंगरखा बिघडला अशी नोंद झालीय. नवीन मिळेल."

वेणूनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, नीट घडी घालून परत दिला. मग ती हसली. मला वाटतं, ती हसली नसती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी तिला गोदामात न्यायला गाडी आली. सेक्शन रांगेत उभा होता. दांडीवरचं दांडीवर, या रिवाजाची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो मोडायचा कसा हेच माहीत नव्हतं. गवळी पुढं गेला, त्यानं तिची ट्रंक उचलून गाडीत ठेवली. एकट्यानं उचलली, आणि उचलताना चेहरा अजिबात केला नाही.

मी काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. ते सगळं विसरलो.

"मी जाणार नाही कोर्सला," मी म्हणालो.

"जा की. नाही गेलास तर दुसरा नंबर कुणाचा, माहितीय ना? त्याचा उणे तीन आहे." तिनं कुबडी गाडीत टाकली आणि एका पायावर उडी मारून वर चढली. आम्ही पाच जण हात द्यायला पुढं झालो, तोवर ती बसलीसुद्धा होती. "तिथं फक्त पॅनलला हात लावू नकोस, खोत. उगाच वजन वाढवशील."

गाडी गेली. घाटगे साहेब बराच वेळ रस्त्याकडं बघत होते. मिशा हलत होत्या, पण प्रश्न काही आला नाही.

आता मी कोर्सच्या ठिकाणी आहे. इथं येऊन मी पहिलं काम केलं ते हे:

प्रति, माननीय अधिकारी, तंदुरुस्ती विभाग, तसेच माननीय अधिकारी, कामगिरी विभाग (दोघांनी एकत्र बसून वाचावे).

विषय: दोन सैनिकांची नोंद एकच सैनिक म्हणून घेण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सॅपर खोत धैर्यशील यांच्याकडे तंदुरुस्ती आहे व काम नाही, आणि सॅपर बागूल वेणू यांच्याकडे काम आहे व तंदुरुस्ती नाही. विभागाच्या दोन्ही रकान्यांत एकाच वेळी बसेल असा सैनिक उपलब्ध नसल्याने, या दोघांना यापुढे एकच सैनिक समजण्यात यावे. सदर सैनिकाची श्रेणी खोत यांची धरावी व बुद्धी, हात आणि निर्णय बागूल यांचे धरावेत. नडगी खोत यांची वापरावी; ती कोरी आहे. स्त्री अथवा पुरुष या रकान्यात 'होय' असे लिहावे. सदर सैनिकास कोर्सच्या वर्गात दोन खुर्च्या लागतील; जेवण एकाचे चालेल, ते बागूल यांना द्यावे.

सदर सैनिक कोर्सला हजर झालेला असल्याने तो त्याच वेळी ताडपत्र्यांच्या गोदामात असू शकत नाही, ही बाब कृपया लक्षात घ्यावी.

तरी, सदर सैनिकाचा उर्वरित भाग गोदामातून आणण्यासाठी सदर सैनिकास जाण्याची, व परत येताना सर्व सामान स्वतः उचलण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.